घट

नऊशे चाळीस, सिस्टर म्हणाल्या,
आणि माझी मान आपोआप हलली,
हुपरीत काट्यासमोर हलते तशी.
वीस वर्षं चांदी तोलतोय मी.
नऊशे चाळीस म्हणजे किती, मला कुणी सांगायला नको.

पेटीवर चिकटपट्टी: बेबी ऑफ त्रिशला चौगुले.
माझं नाव कुठं नाही.
बरोबरच आहे. माझी मजुरी अजून लागलीच नाही तिला.

हात धुवा. कोपरापर्यंत. परत धुवा.
तेजाबानं काळी पडलेली नखं
घासून घासून किती घासायची?
"चांदीचा काळा आहे हो सिस्टर, मळ नव्हं."
दारातला मामा हसला.
सिस्टर हसल्या नाहीत. ब्रश दिला.

तिसऱ्या दिवशी आठशे ऐंशी.
साठ ग्रॅम कमी.
आमच्यात भट्टीतनं निघालेल्या मालात साठ ग्रॅम कमी भरले
तर शेठ हातात झाडू देतो.
दुकान झाडायचं, धूळ धुवायची, गाळायची, परत वितळवायची,
एकेक रवा हिशोबाला लावायचा.
मी वाकून पेटीखालची फरशी बघितली.
खरंच बघितली.
डॉक्टर म्हणाल्या, "घट होणारच. आठ-दहा दिवसांत भरून येते."
घट.
जीव जरा खाली बसला,
आमच्यातलाच शब्द होता.

जिन्याखाली आम्ही सात-आठजण.
निपाणीकडचा एक, फोनवर बायकोशी कानडीत
इतकं हळू बोलायचा की ती तिकडं झोपलीय असं वाटावं.
राधानगरीचा बाजीराव.
त्याला पहाटे साडेतीनला आत बोलावलं.
बाहेर आला तो कुणाकडं न बघता चटई गुंडाळायला बसला.
गुंडाळली, उलगडली, परत गुंडाळली.
त्याचा थर्मास इथंच राहिलाय.
कुणी वापरत नाही. कुणी हलवतही नाही.

मंगळवारी जुलेखा शिकलगार येतात.
पगार नाही, ओळखपत्र नाही, पिशवीत बिस्किटं.
"माझा अकराशेचा होता. इथंच. दोन म्हैने."
मोबाईलवर फोटो: पुढचे दात पडलेला, गुडघे फुटलेला पोरगा.
"आता बॉल मारून गल्लीतल्या काचा फोडतोय.
गेल्या म्हैन्यात तीन काचांचे पैसे भरलेत मी."
त्रिशला हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा.
मग विचारलं, "तुम्ही रडायचा?"
"व्हय की. मोरीत. नळ मोठा सोडायचा, कुणाला ऐकू जात नाही."
दोघी गप्प.
मग जुलेखाताई तिला हाताला धरून दूध काढायला घेऊन गेल्या.

दोन मिली.
नळीतनं, सावकाश, थेंबाला थेंब न लागता.
कडीला डाग देताना आम्ही असंच फुंकतो.
फुंकर थोडी जास्त झाली तर जोड बसत नाही,
कडीच वितळते.

सासूबाई म्हणतात, लेक आहे,
बापाच्या हातचे पैंजण नकोत बारशाला?
लहानात लहान जोड चौदा ग्रॅमचा.
चौदा ग्रॅम म्हणजे तिची दिवसभराची कमाई,
तीसुद्धा दिवस चांगला गेला तर.
म्हटलं, थांबा.
तिनं मिळवलेलं तिच्याच पायात बांधायची घाई नको.

एकविसाव्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, शर्टाची बटणं काढा.
आणि ठेवली छातीवर,
टोपी, नळी, वायरी सगळ्यासकट.
मला अंदाजच लागेना.
डोळे मिटून पैंजण हातात घेतलं
तरी ग्रॅम सांगणारा माणूस मी.
काहीच सांगता येईना.
बरगडीवर ठिणगीचा जुना डाग आहे,
बोट फिरत फिरत तिथं येऊन थांबलं तिचं.

मशीन वाजायला लागलं. मी दचकलो.
"काही नाही, वायर निघाली. हलू नका."
हललो नाही.
बाहेर दसरा चौकात गाड्यांचे हॉर्न.
हुपरीची शेवटची एसटी सुटली असणार.
सुटू दे.